कारणाचा रकाना

“अहो, ही खुर्ची खालच्या कारखान्याची,” ती म्हणाली. तो गडबडून उठला आणि टेबलावरची नदी सांडवून बसला.

नदी म्हणजे निळ्या मण्यांची थाळी. निसर्ग न ओरबाडता धंदा कसा टिकवायचा, हे खेळातून शिकवायला कंपनीने दोन दिवसांचं शिबिर भरवलं होतं. तो मुख्य कचेरीत नोंदी ठेवणारा. सहकारी त्याला ‘कपाट’ म्हणत. आत सगळं नीट रचलेलं, पण किल्ली कुणालाच ठाऊक नाही. ती दूरच्या शाखेत सांडपाणी तपासायची. दोघं खाली बसून मणी वेचू लागली.

“गुडघे टेकून नदी भरणारा कारखानदार पहिल्यांदाच बघतेय!”

त्याला झकास उत्तर सुचलं… पण दुसऱ्या दिवशी दुपारी.

खेळात नदीच्या वरच्या अंगाला त्याचा कारखाना, खाली तिचा. दर फेरीला त्याने चिठ्ठीवर लिहायचं — किती मणी घेतले, आणि का. उरतील ते तिचे. भरपूर मणी आले की ती लहान मुलीसारखी टाळी वाजवायची. मग त्याने घेणंच सोडलं. तिसऱ्या फेरीअखेर त्याचा कारखाना बंद पडला.

शिबिराचा शेवटचा दिवस. संध्याकाळच्या गाडीने ती परत जाणार होती. बोलायचं तर आजच… आणि तो मणी पुन्हा पुन्हा मोजत बसलेला.

तेवढ्यात प्रशिक्षकांनी चिठ्ठ्या मोठ्याने वाचायला घेतल्या. तो खुर्चीतून अर्धवट उठला. चिठ्ठ्या न वाचताच फाडून टाकतात, अशी त्याची समजूत. आणि रकाना कोरा सोडायचा नाही, ही जन्माची खोड.

“पहिली फेरी, मणी चार. कारण, उत्पादन. दुसरी, मणी एक. कारण, खाली पाणी पोचावं. तिसरी, मणी शून्य. कारण…” प्रशिक्षकांनी चष्मा सारखा केला. “‘पाणी मिळालं की त्या टाळी वाजवतात.’”

“कपाट उघडलं रे!” मागून कुणीतरी ओरडलं. खोली हशाने दणाणली.

ती मात्र हसली नाही. सगळे चहाला गेल्यावर त्याच्यासमोर येऊन बसली.

“कारखाना बुडवलात.”

“हो.”

“माझ्यापायी?”

“नाही… म्हणजे — हो.”

“मग दोन दिवस शिकलात काय, कपाळ? सगळं देऊन टाकलं तरी टिकत नाही. वरचाच कोरडा पडला, तर खालचीने टाळी वाजवायची कुणासाठी?”

तिने ती चिठ्ठी पुढे ओढली. तळाशी खालच्या कारखान्याच्या अभिप्रायाचा रकाना कोराच होता. तिने लिहिलं, ‘यापुढे निम्मे निम्मे. आजची गाडी उद्यावर.’

“कोरा सोडायचा नसतो ना?” ती म्हणाली, आणि आता कुठे हसली.

या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. चिठ्ठीची शाई विटली, कपाटाचे केस पिकले. तो पुस्तकात बुडाला की ती अर्धा कप चहा त्याच्यापुढे सरकवते, अर्धा स्वतः घेते. आणि त्याने न सांगता रक्तदाबाची गोळी घेतली, की अजून तश्शीच टाळी वाजवते.