वरच्या खांद्यावरची वेणी

सांगते, पण हसू नका. वॉर्डातल्या सिस्टरला भुताखेतांसाठी फुरसत कुठून मिळणार?

त्या आठवड्यात माझी आईच माझ्या वॉर्डात होती, अर्धांगवायूने बेशुद्ध पडलेली. "पाठीला जखम झाली तर हिची साखर ती भरू देणार नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलायची आणि खाटेच्या पायथ्याला टांगलेल्या तक्त्यावर सही करायची.

हे काम मला शिकवलं आमच्या आयामावशीने. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिची एक खोड होती. बाईला कुशीवर वळवलं की तिची वेणी वरच्या खांद्यावरून पुढे आणून ठेवायची. "खाली दबली की टोचते गं. तिला सांगता येत नाही, म्हणून काय झालं?" आम्ही तिची टर उडवायचो. तसं दुसरं कोणीच करत नसे. सही येत नव्हती, म्हणून ती तक्त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची. मावशी वारून दोन महिने झाले होते.

त्या दिवशी दहाला आईला उताणं झोपवलं, आणि तेवढ्यात उलटलेल्या बसमधले जखमी यायला लागले. मग मला कशाचंच भान राहिलं नाही. आठवलं तेव्हा साडेतीन वाजले होते. धावतच गेले.

आई कुशीवर होती. गुडघ्यांमध्ये उशी, पाठ कोरडी, स्वच्छ. वेणी वरच्या खांद्यावरून पुढे.

तक्त्यावर बाराच्या आणि दोनच्या रकान्यात आडवी रेघ होती.

"तुमची मावशी येऊन गेली की दोनदा," शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या. "किती बोलते हो तुमच्या आईशी!"

मला भीती वाटायला हवी होती. मी स्टुलावर बसले, खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि पोटभर रडले. "चुकलं गं मावशी," एवढंच म्हणता आलं. कधी डोळा लागला कळलं नाही.

जाग आली ती आईच्या आवाजाने. पाच दिवसांनी पहिल्यांदाच ऐकलेला, जड, अडखळता.

"हलू नकोस… ती म्हणाली… पोर दमलीय…"

पिनांनी घट्ट बसवलेली माझी वेणी सुटली होती. कोणीतरी ती अलगद वरच्या खांद्यावरून पुढे आणून ठेवली होती.

मी डोळे मिटूनच राहिले. चार वाजले असावेत. पायथ्याशी तक्त्यावर पेन्सिल ओढल्याचा आवाज येत होता.