एकतिसावा खांब

ब्लूमाआजी गेल्याचं मुलांना शिबिराच्या पहिल्याच दिवशी कळलं. बस थांबली, मुलं उड्या मारत उतरली, पण अ‍ॅप्रनला ओले हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात कोणी उभं नव्हतं.

"मार्चमध्ये गेली," तिचे यजमान झेलिगआजोबा चाकांच्या खुर्चीतून म्हणाले. एवढंच.

शुक्रवारी दुपारी त्यांनी बारा वर्षांच्या तिर्झाला बोलावलं आणि तिच्या हातावर पेन्सिलीचा तुकडा ठेवला.

"शिबिराच्या हद्दीचे एकतीस खांब. पहिल्या शब्बाथच्या आधी प्रत्येकावर त्या वर्षाची एक रेघ. मी दोरी बघायचो, ती रेघ मारायची. चाळीस वर्षं. आता ही खुर्ची जंगलात कुठं नेऊ? तू जाशील?"

"जाते!"

"मीही!" योना खिडकीतूनच ओरडला. तो तिच्याच वर्गातला. जिथं बोलावलं नाही तिथं आधी हजर!

वाटेत तो म्हणाला, "पण नफ्तालीसरांनी सकाळीच गाडीतून चक्कर मारली की. दोरी ठीक आहे म्हणाले."

"रेघ कोण मारणार मग? तुझे सर?"

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. तेव्हा घराबाहेर काही उचलून न्यायचं नाही, ढकलायचंही नाही. पण खांबांच्या डोक्यांवरून दोरी ताणली, की आतलं सगळं एकच घर धरतात. दोन खांब आणि वर दोरी, झालं दार! आपल्या घराला एकतीस दारं आहेत, असं ब्लूमाआजी सांगायची.

प्रत्येक खांबावर चाळीस रेघा होत्या. जुन्या ताठ, अलीकडच्या थरथरत्या. तिर्झाने त्यांच्यावरून बोट फिरवलं. पाइनची झाडं इतकी उंच, तळं इतकं मोठं, आणि हे सगळं एक घर!

तीस खांब झाले. एकतिसावा शेवटचा, आजोबांच्या खोलीजवळ, होड्यांच्या शेडला लागून. तिर्झाने पेन्सिल टेकवली.

"थांब! रेघ मारू नकोस!" योना ओरडला. "वर बघ!"

"आहे की दोरी."

"आहे, पण बाजूला बांधलीय! दाराची वरची पट्टी चौकटीच्या डोक्यावर असते की कानाला?"

खरंच! दोरी टोकाच्या वीतभर खाली गुंडाळली होती. खांबाला ताजं खरचटलं होतं, त्यावर हिरवा रंग. खाली चिखलात चाकांचे माग.

"हिरवा तर होड्यांचा गाडा!" तिर्झा म्हणाली. "आणि ती गाठ बघ. मंगळवारी आपल्याला कोणी शिकवली?"

"डोवदादा!"

होड्या सांभाळणारा डोवदादा शेडमध्ये वल्ही मोजत होता. "अरे, गाडा अडकला, दोरी तुटली. मी लगेच बांधली! कशी पक्की बसलीय!"

"पक्की आहे," योना म्हणाला. "चुकीच्या जागी पक्की!"

आवाज ऐकून संचालक नफ्तालीसर आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "मेणबत्त्या लावून शब्बाथ सुरू व्हायला पाऊण तास राहिला. शिडी तळ्यापलीकडं आहे. दोरी दिसते ना? पुढच्या आठवड्यात बघू."

"नाही, नफ्ताली." आजोबा ओसरीवर होते. "ते दार नव्हे. एक दार मोडलं की सगळी हद्द मोडली. माझी खुर्ची आज हलणार नाही. मी इथंच जेवतो."

शिबिरातला आजीशिवायचा पहिला शब्बाथ, आणि आजोबा एकटे!

"आत्ताच नेतो की जेवणघरात!" योना म्हणाला.

"आणि झोपायला परत कसा येऊ? सूपच्या पातेल्यात झोपू?"

तिर्झा धावत सुटली. तिने जेवणघराची घंटा जोरजोरात बडवली. "मनोरा! सगळे शेडपाशी चला, मनोरा करायचाय!"

शब्बाथचे पांढरे कपडे घालून मुलं धावत आली. डोवदादाने होडीची दोरी जोडून लांबी पुरती केली.

"डोवदादा, तू सगळ्यात खाली! शिक्षा!"

नफ्तालीसरांनी क्षणभर आपल्या पांढऱ्या विजारीकडं पाहिलं आणि तेही चिखलात गुडघे टेकून बसले. खांद्यांवर खांदे चढले. सर्वांत वर योना.

"हलू नका रे! सर, तुम्हीपण!"

दोरी खांबाच्या डोक्यावरच्या खिळ्यावर बसली. आजोबांनी कपाळावर हात धरून नीट पाहिलं.

"दार झालं," ते म्हणाले.

तेवढ्यात मेणबत्त्यांची घंटा झाली! तिर्झाने खिसा रिकामा करून पेन्सिल आजोबांच्या टेबलावर ठेवली. आजी लावायची त्या दोन मेणबत्त्या आजोबांनी स्वतः लावल्या. काडी पेटवताना त्यांचा हात थांबला, मग पेटली.

बाहेर शंभर मुलं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती, गुडघ्यांपर्यंत चिखल, वर पांढरं. तिर्झाने खुर्ची ढकलली. कोणीतरी हळू आवाजात गाणं सुरू केलं, आणि ते तळ्याभोवतीच्या झाडांपर्यंत पसरत गेलं. दोरी आता अंधुक प्रकाशात दिसत नव्हती. तरी ती आहे, हे तिर्झाला कळत होतं. एवढ्या मोठ्या घरात ती कधीच उभी राहिली नव्हती.

"मी गाडीतून दोरी पाहिली, दार पाहिलंच नाही," नफ्तालीसर जेवणघरात सर्वांसमोर म्हणाले. "या दोघांनी पाहिलं. शाबास!"

"ब्लूमाने तुमचे कान धरून मुके घेतले असते," आजोबा म्हणाले.

तिर्झा एकदम दचकली. "आजोबा! शेवटची रेघ!"

"शब्बाथला लिहायचं नसतं, बाळ. बस, जेव."

तीस खांबांवर या वर्षाची रेघ आहे. एकतिसाव्यावर मारायची राहिली आहे.