कप्तान गप्प बसला तो दिवस

बापाने गाडीत तोंड उघडायचं नाही, अशी पैज लेकीने लावली आणि बापाने ती हसत हसत घेतली, तेव्हा सकाळचं लख्ख ऊन पडलं होतं आणि भिण्यासारखं जगात काही नव्हतं.

बाप म्हणजे कप्तान. उन्हाने विटलेली टोपी कायम डोक्यावर असायची म्हणून गाडीतळावरच्या मंडळींनी ठेवलेलं हे नाव. बोटीत तो जन्मात कधी बसला नव्हता. त्याची उघडी जीप होती, आणि तिच्यात पाहुण्यांना बसवून डोंगरावरचं जुनं शहर दाखवायचं, हा त्याचा आयुष्यभराचा धंदा. वेशीपाशी गाडी भरायची, घड्याळाचा मनोरा, दगडी हौद, दारूगोळ्याचं कोठार असं दाखवत दाखवत पार वरच्या सज्ज्यापर्यंत, म्हणजे कड्यावरच्या मोकळ्या कट्ट्यापर्यंत न्यायची, पाहुण्यांना पोटभर वारा खाऊ घालायचा आणि परत वेशीपाशी आणून सोडायचं. आता त्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते. लेक हॉटेलच्या काउंटरवर नोकरीला होती आणि तिथे बसून बसून कंटाळली होती. तिला ती गाडी हवी होती.

"तुम्ही मागच्या बाकावर बसायचं," ती म्हणाली. "वेशीपासून वेशीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला बोलावं लागलं, तर मी हरले. उद्यापासून मुकाट्याने काउंटरवर. नाही बोलावं लागलं, तर गाडी माझी."

"आणि खोकला आला तर?"

"खोकला चालेल. पण त्या खोकल्यातून ‘ब्रेक दाब’ असं ऐकू येता कामा नये."

पाहुण्या होत्या तिघी बहिणी. थोरलीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पट्ट्या निघाल्या होत्या, आणि धाकट्या दोघी तिला जग दाखवायला घेऊन निघाल्या होत्या. थोरलीला त्या जगाचं कौतुक किती करू आणि किती नको असं झालेलं. कौलावरचं मांजर दिसलं की ती टाळी वाजवायची. मग बहिणींकडे वळून बघायची आणि म्हणायची, "तुमच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या पडल्यात, हे मला कुणी सांगितलंच नाही गं."

"तू पण एकदा आरशात बघून घे," मधली म्हणाली.

तिघी मधल्या सीटवर दाटीवाटीने बसल्या. त्यांच्या पिशव्या, छत्र्या आणि खाण्याचे डबे ड्रायव्हरशेजारच्या सीटवर रचले. कप्तान सगळ्यात मागे, घडीच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन टेकला. लेकीने किल्ली फिरवली आणि त्याच्या तोंडाला कुलूप लागलं.

आता तुम्ही म्हणाल, गप्प बसण्यात ते काय मोठं? तर ज्याने उभा जन्म बोलून काढला, त्याला विचारा. पोरीने दुसरा गिअर उशिरा टाकला, कप्तानाची जीभ वळवळली. पोरीने हौदाचं साल चुकीचं सांगितलं, त्याने टोपी दातात धरली. आणि कोठारापाशी तर तिने कमाल केली. तिथल्या सेनापतीची गोष्ट कप्तान नेहमी आवाज जड करून सांगायचा, की त्याने डावपेच म्हणून माघार घेतली. पोरगी म्हणाली, "सेनापती पुढच्या दाराने लढायला गेले आणि मागच्या दाराने जेवायला घरी आले." तिघी बहिणींची हसून हसून पुरेवाट झाली. इतकी वर्षं ही गोष्ट सांगूनही एका पाहुण्याला आपण कधी हसवलं नव्हतं, हे कप्तानाच्या ध्यानात आलं. त्याला थोडा राग आला आणि मग ऊर भरून आला. पोरीच्या हातात गाडी मजेत चालली होती.

कोठार मागे पडलं आणि रस्ता अरुंद झाला. दोन्ही बाजूंना जुन्या भिंती इतक्या उंच, की ऊन वरच्या वरच अडायचं. खाली ओल्या दगडाचा वास, चाकाखाली शेवाळ, आणि बोललं की आवाज भिंतीवर आपटून जरासा उशिरा परत यायचा. बहिणींनी शाली अंगाभोवती ओढून घेतल्या. तिथेच कप्तानाला ती गोष्ट आठवली.

ती गोष्ट आंधळ्या वळणाची. तिथे समोरचं काही दिसत नाही, म्हणून वळणाआधी हॉर्न द्यायचा आणि थांबून कान द्यायचा. वरून उत्तर आलं नाही तर निघायचं. आलं, तरी चढणाऱ्याचा हक्क पहिला; उतरणाऱ्याने थांबायचं, हा घाटातला रिवाज. पण कधीकधी तिथे वरून उत्तर यायचं ते रबरी भोंग्याचं, पों पों असं, आणि तसला भोंगा शहरात एकाही गाडीला राहिला नव्हता. तो वाजला, की चढणारा असलास तरी भिंतीला गाडी लावून थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि जे जाईल त्याला जाऊ द्यायचं. रिकाम्या गाडीला तो भोंगा कधी उत्तर देत नसे. गाडी पाहुण्यांनी भरलेली लागायची.

कप्तानाच्या एका दोस्ताने, त्याच्याच बरोबरीच्या ड्रायव्हरने, हे मानलं नव्हतं. मोठा हसरा गडी, पैजा मारण्यात पटाईत. भोंगा ऐकून त्याने गाडी तशीच वर दामटली. मागून येणाऱ्यांना ती वरच्या सज्ज्यावर नीट उभी केलेली सापडली. इंजिन चालू, पाहुणे आपापल्या जागी, गप्पांत रंगलेले, आणि ड्रायव्हरची जागा रिकामी. "ते कुणाला तरी जागा द्यायला सरकले," एवढंच पाहुणे म्हणाले. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

हे सगळं नव्या ड्रायव्हरला सांगायचं ते त्या वळणावरच, हळू आवाजात, अशी तळावरची रीत. कप्तानाला त्याच्या उस्तादाने तिथेच सांगितलं होतं. आज लेकीला सांगायचं त्याने ठरवलंही होतं. सकाळच्या पैजेच्या गमतीत ते साफ राहून गेलं. रिकाम्या गाडीने ती या वळणावरून कितीदा तरी गेली होती आणि तिला कसलीच कल्पना नव्हती.

वळण आलं. पोरीने हॉर्न दिला.

क्षणभर काही नाही... मग वरून, भिंतींच्या आडून, म्हाताऱ्या घशातून निघावा तसा आवाज आला. पों... पों...

"अगबाई, किती गोड," धाकटी म्हणाली.

कप्तान बाकाच्या कडेवर आला. सांगावं, तर पोरगी हरली. तिची गाडी गेली, उद्यापासून तो काउंटर. न सांगावं, तर... पोरीचा पाय क्लचवर होता. हक्क तिचा होता, ती निघणारच. खड्ड्यात गेली पैज, म्हणून त्याने तोंड उघडलं. पण तेवढ्यात गाडी आपसूक बाजूला सरकली, भिंतीला लागली आणि इंजिन बंद पडलं. नव्हे, पोरीनेच ते बंद केलं होतं.

सगळं चिडीचूप झालं. ऊन तर आधीच नव्हतं, पण आता भिंतींचे दगडसुद्धा दिसेनासे झाले. जुन्या पेट्रोलचा आणि बंद कपाटातल्या कपड्यांचा वास आला. गार वारा अंगाला घासून खाली गेला, आणि तो जाईपर्यंत बराच वेळ लागला... एखादी लांबलचक गाडी जाते तसा. बहिणींच्या शालींची टोकं उडाली. मग पुन्हा दगड दिसू लागले.

थोरली हात हलवत होती. "किती गर्दी करून बसले होते बिचारे," ती म्हणाली. "आणि हसत होते किती. चालवायला मात्र कुणीच नव्हतं की गं."

"कुठली गाडी? रस्ता मोकळा आहे," मधली म्हणाली.

"आत्ता गेली ती."

"नवे डोळे आहेत तिचे, जरा जास्तच दिसतं," धाकटी म्हणाली, आणि तिघी पुन्हा हसायला लागल्या. पोरीने गाडी सुरू केली. मागच्या बाकावर कप्तान घामाने चिंब झाला होता, आणि पोरगी सुखरूप होती म्हणून त्याला मोठ्याने गावंसं वाटत होतं. तेवढंच करायची सोय नव्हती.

वरच्या सज्ज्यावर मंडळींनी डबे उघडले. खाली सगळं शहर उतरत गेलेलं, धुरांडी, जिने, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी. थोरलीने एकेक गोष्ट बोट दाखवून मोठ्याने सांगितली, आणि वाऱ्यावर धाकटीने एक जुनं गाणं म्हटलं, बेसूर आणि मनापासून. पोरीने बापाला पोळीचा घास भरवला. "अर्धी जिंकले मी," ती म्हणाली. बापाने मान हलवली. इतका आनंदाचा दिवस त्याच्या धंद्यात कधी आला नव्हता.

उतरताना सगळ्यांना सुस्ती आली होती. पोरगी मात्र ताजीतवानी. आरशात बहिणींचे तीन चेहरे तेवढे मावत होते, त्यामुळे मागचा बाप तिला दिसत नव्हता. तरी ती त्याच्याशी बोलत होती.

"बाबा, मघाशी वळणावर तुम्ही खांदा दाबलात ना, ते माफ केलं तुम्हाला. बोलायचं नाही एवढंच ठरलं होतं. आणि बरं झालं दाबलात, नाहीतर मी निघालेच होते."

कप्तान मागच्या बाकावर होता. मध्ये तीन बहिणी होत्या. त्याचा हात पोरीच्या खांद्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

"पण आता काढा ना हात," ती हसत म्हणाली. "चांगलं चालवतेय की मी. किती गार पडलाय तो."

थोरलीने पोरीच्या खांद्याकडे पाहिलं. मग हळूच मागे वळून कप्तानाच्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते त्याच्या गुडघ्यांवर होते. तिचं हसू मावळलं आणि ती सरळ बसली.

गाडी आंधळ्या वळणाच्या तोंडाशी आली होती. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खोल उतार. वळणावर ड्रायव्हरला दचकवायचं नाही, हे कप्तानाच्या हाडामासात भिनलेलं. तो मूग गिळून बसला... पैजेसाठी नव्हे, पोरीच्या जिवासाठी.

आणि तेवढ्यात पोरीने गाडी थांबवली. वैतागून स्टिअरिंगवर हात आपटला. "काय हो, बाबा. अगदी शेवटी येऊन बोललात."

"हूं की चूं केलं नाही त्यांनी," मधली म्हणाली. "आम्ही साक्षीदार आहोत."

"मग कोण म्हणालं? कानाशी येऊन म्हणाले, ‘सरक जरा, इथून मी घेतो.’"

इंजिन तेवढं घुरघुरत होतं. कप्तानाच्या डोळ्यांसमोर ती रिकामी जागा आली, आणि त्याच्या दोस्ताचं हसरं तोंड.

पोरीने मान उडवली. "बरं, जे कुणी म्हणालं असेल त्यांनी ऐका. मी नाही सरकायची. आज गाडी मी चालवतेय." तिने गिअर टाकला आणि ओठ घट्ट मिटून वळण असं काढलं, की कप्तानाला त्याच्या उमेदीतसुद्धा ते जमलं नसतं. पुढे ऊन आलं, रस्ता रुंद झाला, बहिणी पुन्हा बोलू लागल्या. पोरीच्या लहानपणी तिच्या ज्या हट्टापायी त्याने ओरडून ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं, त्या हट्टाचे त्याने मनातल्या मनात पाय धरले.

वेशीपाशी गाडी थांबली. पोरीने खाली उडी मारली आणि हात पुढे केला. कप्तानाने रिवाजाने टोपी काढली, आपल्या खिशातली दुसरी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि मूठ मिटवली. तळावरच्या ड्रायव्हरांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने पोरीची दृष्ट काढल्यासारखं केलं, मधलीने कप्तानाची पाठ थोपटली. थोरली मात्र गाडीपासून लांब जाऊन उभी राहिली होती. तिने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता.

"ऊन लागतंय का?" कप्तानाने विचारलं. सकाळी गाडीत बसल्यापासूनचे त्याचे ते पहिले शब्द.

"नाही," ती म्हणाली. "आता बघवत नाही."

तिचं तोंड ज्या दिशेला होतं, तिकडे त्याने पाहिलं. ड्रायव्हरची सीट जुन्या स्प्रिंगची होती. ड्रायव्हर उठला, की किर्रकन आवाज करून ती वर यायची. तो आवाज कप्तान झोपेतही ओळखायचा. पोरगी केव्हाच उतरली होती. सीट वर आलेली नव्हती. भरल्या अंगाच्या माणसाने रेलून बसावं तशी ती खोलवर दबलेली होती, आणि तो बघत असतानाच ती किंचित हलली... शेजारच्या बाजूला, कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.

मागे एक नवं कुटुंब रांगेत येऊन उभं होतं, आईबाप आणि आजी. पोरगी त्यांना सेनापतीची गोष्ट आत्ताच सांगायला लागली होती आणि ते आत्ताच हसायला लागले होते.

"चला, बसून घ्या," ती त्यांना म्हणाली आणि किल्ली नाचवत गाडीकडे धावली.

पैज संपली होती. बोलायला आता कसलीच आडकाठी नव्हती. कप्तानाने तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि शब्द फुटायच्या आत त्याच्या खांद्यावर मागून, त्या हरवलेल्या दोस्ताने टाकावा तसा, एक गार हात पडला.