साखर एकशे चार

लिफ्टमधून मी घाईघाईने बाहेर पडले आणि समोरून येणाऱ्या माणसावर आदळले! माझ्या हातातली दोनशे कार्डं एक्स-रे विभागाच्या फरशीवर पसरली. प्रत्येक कार्डावर नर्सिंगच्या परवाना परीक्षेचा एक प्रश्न, मागे उत्तर. माणूस वाकला, एक कार्ड उचललं आणि परत द्यायचं सोडून चक्क वाचायला लागला.

“मधुमेहाचा पेशंट. दरदरून घाम, हात थरथरतायत. आधी काय कराल?”

“डॉक्टरांना बोलवीन,” मी फणकाऱ्याने म्हणाले.

“आणि ते येईपर्यंत मी काय करू?”

“तुम्ही?”

“मीच तो पेशंट. दहाव्या वर्षापासून इंजेक्शन घेतोय.” त्याने खिशातून साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोजच्या गोळ्या काढून दाखवल्या. “आधी माझं बोट टोचा, मॅडम. साखर सत्तरच्या खाली असली तर गोळ्या चारा... मी शुद्धीवर असलो तरच हं, नाहीतर घशात अडकतील. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. डॉक्टर काय, येतीलच.”

मी कार्ड उलटलं. उत्तर तेच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात त्याचं हसू असं गोड, की धड रागावताही येईना.

मागच्या वेळी मी नापास झाले ती याच खोडीपायी. काहीही झालं की माझा एकच धोशा – डॉक्टरांना बोलवा. आता ही शेवटची संधी होती. परवाना मिळाला नाही तर वॉर्डातली मदतनिसाची नोकरी सोडून घरी जायचं आणि दाजींच्या साबणाच्या दुकानात बसायचं, असं आईने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पेशंट कसला, तो तर आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत हा एक्स-रेवाला पत्त्यांसारखी माझी कार्डं पिसायला लागला.

“एक पेशंट पाय मोडला म्हणून बोंबलतोय. दुसरा गप्प, ओठ निळे. आधी कोणाकडे?”

“गप्प आहे त्याच्याकडे. बोंबलणारा निदान श्वास तरी घेतोय.”

“शाब्बास! आणि मी गप्प बसलो तर?”

“तुम्ही? तो दिवस उजाडू दे तर खरा!”

तो हसायचा, मी डब्यात डोकं घालायचे. चार महिन्यांत पठ्ठ्याने सगळे प्रश्न विचारले, पण मी ज्याची वाट बघत होते त्याबद्दल ताकास तूर लागू देईल तर शपथ! बरंच झालं, मी मनाला बजावायचे. जायचंच असलं तर कशाला जीव लावायचा... लावून बसले होते, ते वेगळं.

निकाल त्याच्याच खोलीतल्या संगणकावर पाहिला. माझी बोटं चालेनात, म्हणून परीक्षा क्रमांक त्यानेच टाकला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं...

“उत्तीर्ण.”

माझा जीव भांड्यात पडला. आईला फोन लावला, रडले, हसले, “दाजींना म्हणावं, दुसरा नोकर बघा!” असं ओरडले. फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ खोलीत आवाज फक्त माझाच होता.

एक्स-रेवाला स्टुलावर बसला होता. गप्प! कपाळावर घाम, हात थरथरतायत.

मी डॉक्टरांना हाक मारली नाही. त्याच्या खिशातून यंत्र काढलं, बोट टोचलं, कापूस दाबला. पाच सेकंद...

“एकशे चार! साखर तर चांगली आहे. छातीत दुखतंय? श्वास लागतोय?”

“नाही हो...”

“मग घाम कशाचा?”

“ते... ते कार्डावर नाहीये.” त्याने बोट तसंच माझ्या हातात राहू दिलं. “चार महिने विचारायचं होतं. आधी म्हटलं, तुमचा अभ्यास बिघडेल. मग वाटलं, नापास झालात तर म्हणाल, अडवायला विचारतोय. आता टाळायला काही निमित्तच उरलं नाही... माझ्याशी लग्न कराल?”

इतक्या दिवसांचं ओझं एका झटक्यात उतरलं. मला वेड्यासारखं हसू यायला लागलं.

“सांगा ना... काय कराल?”

“डॉक्टरांना बोलवीन,” मी म्हणाले.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“अहो, लग्नाच्या नोंदणीला साक्षीदार नकोत का?”

तो खोली दणाणून जाईल असा हसला. त्याच्या बोटाचं रक्त केव्हाच थांबलं होतं. कापूस मात्र मी तसाच दाबून धरला होता.