चार बोटं कमी

हे खोटं निघालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण ज्या बाईसोबत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण आहे. दिपमाला. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलोय. ती थापा मारणारी नाही. उलट हे सांगताना ती दर दोन वाक्यांनी थांबायची, पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि सोडायची. भीतीने नाही... शरमेने.

तीच म्हणाली, "तू लिही. मला तोंड नाही."

म्हणून लिहितोय.

गेल्या वर्षीची आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. दुपारचे साडेबारा. धुळ्याहून जळगावकडे येताना पारोळा मागे पडला की एरंडोलच्या अलीकडे, हायवेला लागून एक पार्क आहे. पाळणे, झुकझुक गाडी आणि सगळ्यात मोठं ते झुलणारं जहाज. पार्कचं नाव सांगत नाही. लोकांच्या पोटावर पाय नको.

दिपमाला एरंडोलला दिलेली. घरून डबा घेऊन सकाळी दहाला पार्कवर हजर व्हायचं, आणि जहाजाच्या फाटकावर उभं राहून पोरांची उंची बघायची, एवढंच तिचं काम.

फाटकापाशी प्लायवूडचा एक जोकर उभा होता. चांगला पुरुषभर उंच. त्याचा एक हात आडवा पसरलेला, जमिनीपासून बरोबर चार फुटांवर. पोरगं जोकराच्या पोटाला पाठ लावून उभं राहायचं. डोकं हाताला लागलं की आत. नाही लागलं की परत.

त्या हाताला दिपमालाने एक घुंगरू बांधलं होतं. तिच्या बापाच्या बैलाच्या गळ्यातलं. डोकं लागलं की वाजायचं...

टिण.

पोरांना त्याचंच कौतुक. जहाजापेक्षा घुंगरू वाजवायलाच रांग लागायची. चवडे उंचावणारी पोरं, केसांचा उंच बुचडा बांधून आणलेल्या पोरी, सगळ्यांची लबाडी तिला पाठ. दिवसभर तिच्या तोंडी एकच.

"टाच टेकव. टाच टेकव रे."

काम नियमाचं होतं. कमी उंचीचं पोरगं बाकावरच्या दांड्याखालून सटकून पडू शकतं. नियम बरोबरच होता, हे ती आजही म्हणते.

पुढचं मात्र बरोबर नव्हतं.

होळीनंतरचा रविवार. गर्दी तुंबलेली. मॅनेजरचे पाहुणे आले, त्यांचा पोरगा आपला पाच बोटं तरी कमी. पण मॅनेजरने लांबून मान डोलावली, आत सोड म्हणून. मग दिपमालाने काय करावं?

पोराला काखेत हात घालून उचललं, आणि त्याचं डोकं घुंगराला लावलं.

टिण.

"झाला बघा आमचा राजा मोठा!"

सगळे हसले. पोरगा आत गेला.

रांगेत त्याच्या मागे तिसरी एक पोरगी होती. दहा वर्षांची असेल, पण अंगाने सहा-सातची वाटावी. चेहरा पिवळट, डोळे मात्र टपोरे. तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली. पायात मोठ्या माणसाच्या चपला. सोबत बाप. त्याच्या हातात दवाखान्याची पिशवी.

पोरगी जोकराला पाठ लावून उभी राहिली.

टिण.

तिचा चेहरा असा फुलला, दिपमाला सांगते, की जणू दिवाच लावला.

पण दिपमालाची नजर तयार झालेली. ती म्हणाली, "चपला काढ गं."

पोरीने बापाकडे बघितलं. बापाने खाली.

चपला निघाल्या. आणि आतून पुठ्ठे पडले. औषधांच्या खोक्यांचे. पायाच्या मापाने कापलेले, एकावर एक रचून दोऱ्याने बांधलेले. बापानेच बसून कापले असणार.

रांगेत कोणीतरी फस्सकन हसलं. आणि दिपमालाला चेव चढला.

"अगं बाई! ही तर पुठ्ठ्यावर वाढलेली पोर! जा बाई, चार बोटं वाढ, मग ये!"

सगळी रांग हसली.

बाप हळूच पुढे आला. "अक्का, बसू द्या ना तिले एक डाव. धुळ्याहून येतोय. दर महिन्याला रक्त चढवावं लागतं तिले. बसमधून हे जहाज दिसतं, तवापासून मागे लागेल शे."

"नियम आहे भाऊ."

"त्या पोऱ्याले तं तुम्ही उचली लिधं, अक्का..."

"तो वेगळा," दिपमाला म्हणाली.

तो वेगळा. हे सांगताना माझ्या बहिणीने मान वर केली नाही.

बापाने पुठ्ठे गोळा केले. एकेक झटकला, पिशवीत ठेवला. पोरगी रडली नाही. तिने आपला तळहात डोक्यावर आडवा ठेवला, घुंगरापर्यंतची जागा चाचपून पाहिली.

"चारच ना, अक्का?"

"हो हो, चारच. चल, पुढचा!"

पोरगी चार पावलं गेली. मग वळली. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, म्हणू देत नाहीत. लेकरांच्या जिभेला तेच वळण असतं.

"येते हां, अक्का."

दिपमालाने ऐकलं. आणि विसरली.

चैत्र लागला. एक दिवस दुपारी डबा खाताना हसीब बोलला. हसीब म्हणजे जहाज चालवणारा, एरंडोलचाच.

"दिपाताई, ती पुठ्ठेवाली पोरगी आठवते?"

घास तिच्या हातातच राहिला.

"आमच्या मोहल्ल्यामागे राहायची. मोहिनी. वनाभाऊ हमालाची. परवा गेली बिचारी."

दिपमालाने डबा तसाच झाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला कामावर आली. फाटकाला कुलूप. पार्कमध्ये अजून कोणी नाही. आदल्या संध्याकाळी तिने जोकर साबणाच्या पाण्याने पुसला होता, कारण पोरांच्या डोक्याचे तेलाचे डाग पडतात. रोजचं काम.

जोकराच्या पोटावर एक डाग होता...

एकच. गोल. ओला.

खोबरेल तेलाचा वास येत होता.

तिने सहज बोटं लावून मोजलं. डागापासून जोकराच्या हातापर्यंत...

चार बोटं.

तिने तो पुसला. घासून पुसला. पाच-सहा दिवस काही नाही. मग एका सकाळी पुन्हा डाग.

तीन बोटं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती पत्ता विचारत वनाच्या घरी गेली. पाया पडायचं, आपण कोण ते सांगायचं, चुकले म्हणायचं. सगळं घोकून गेली होती.

दारात पोरीची आई होती, भिकुबाई. "कोन शे वं बाई?"

दिपमाला पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली.

"अंगणवाडीतून आली का?" आईनेच विचारलं.

आणि दिपमालाने मान हलवली.

हो म्हणून.

भिकुबाईने तिला आत बसवलं. चहा टाकला. समोरच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. खालून वर, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पण वर गेल्यावर पायऱ्या संपल्या. तिथे एकाच जागी रेघेवर रेघ, रेघेवर रेघ... भिंत काळी झालेली.

"ह्या सगळ्या तिन्याच खुणा शेतस," आई म्हणाली. "तीन वर्षं झाली, वाढलीच नाही. तरी दर सोमवारी बापाला म्हणे, मोज."

त्या काळ्या पट्ट्याच्या वर, जरा अंतरावर, एक एकटी रेघ होती. वाकडी. लेकराच्या हाताची.

"आणि ही?"

"ती तिनेच काढली. शेवटल्या दिवसांत. मले म्हणे, माय, इथपर्यंत गेलं की ती अक्का बसू देणार शे. तिनी सांगेल शे."

दिपमालाला बोटं लावून मोजायची गरज नव्हती.

"ती अक्का चांगली असंल," भिकुबाई म्हणाली. "नाहीतर एवढ्या मोठ्या जागेत आमच्या पोरीशी कोण बोलतं?"

दिपमालाने तोंड उघडलं. आता सांगावं. आता...

तिने चहा संपवला. उठली. आणि दारात तिच्या तोंडून निघालं,

"येते हां."

"ये वं बाई," आई म्हणाली.

दुसऱ्या सकाळी डाग पुन्हा होता. दोन बोटं.

मग दिपमालाने जे केलं ते तिने मला सगळ्यात शेवटी सांगितलं. पार्क उघडायच्या आधी ती पाना घेऊन गेली, आणि जोकराचा हात काढून चार बोटं वर बसवला.

म्हणजे ती पोचायलाच नको.

त्या दिवशी किती पोरं रडत परत गेली. एक बाई तर भांडायलाच उठली. "अहो, गेल्या रविवारी बसला होता हा! आठ दिवसांत माझा पोऱ्या लहान झाला का?"

रांग हसली. तेच हसणं...

दिपमालाला ते सोसलं नाही. संध्याकाळी तिने हात पुन्हा होता तिथे आणला. रडत आणला.

सकाळी डाग होता. एक बोट.

आणि मग आखाजी.

आपल्याकडे आखाजीला काय असतं, सांगायला नको. लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घागर भरून ठेवतात, गेलेल्या माणसांसाठी. येणारे सगळेच येतात त्या दिवशी.

दुपारी पार्क ओस. सगळं गाव घरी आमरस-मांड्यांवर. चार वाजेपर्यंत कुत्रं फिरकणार नव्हतं. ऊन असं की जहाजाच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. हसीब मशीनपाशी सावलीत बसलेला. स्पीकरही बंद.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं.

दिपमाला फाटकापाशी स्टुलावर बसली होती. तिला आधी चपलांचा आवाज आला...

फट्... फट्... फट्...

पायापेक्षा मोठ्या चपला असल्या की येतो तसा. सिमेंटच्या वाटेवरून. वाट रिकामी होती.

आवाज जोकरापाशी येऊन थांबला.

मग चपला काढल्याचा आवाज आला. एक. दोन.

कोणी सांगितलं नव्हतं तरी...

आणि खोबरेल तेलाचा वास.

दिपमाला उठली. घुंगरू स्थिर होतं. ती बघत राहिली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता.

टिण.

हसीबने मान वर केली. "कोण आलं, ताई?"

सवयीने तिचा हात पुढे गेला. दर पोराच्या डोक्यावर जायचा तसा, तळहात सपाट. आणि हवेत... हाताला डोकं लागलं.

तेलकट केस. मधोमध भांग. तापाने फणफणलेलं असावं तसं गरम.

तिने खाली बघितलं. पाय दिसत नव्हते. पण सिमेंटवर, त्या कोरड्या उन्हात, दोन लहान ओले ठसे होते.

अख्खे ठसे. टाचेसकट.

टाच टेकलेली होती.

दिपमालाने फाटक उघडलं. जहाजाच्या मधल्या बाकापर्यंत चालत गेली, हात तसाच पुढे धरून. लोखंडी दांडा खाली ओढला. रिकाम्या बाकावर तो दांडा शेवटपर्यंत खाली जातो, मांडीच्याही खाली. त्या दिवशी तो मध्येच अडला.

कोणाच्या तरी पोटाला लागून.

"हसीब, चालू कर."

"रिकामं?"

"कर म्हटलं ना."

तिचा चेहरा बघून त्याने बटण दाबलं. जहाज हललं. पुढे... मागे... आणखी वर. हसीब सांगतो, त्याने मशीनच्या घरघरीत गाणं ऐकलं. झोक्यावर बायका म्हणतात तशा चालीचं, पण आवाज एकाच पोरीचा.

निंबले बांधा झोका वं माय, निंबले बांधा झोका,
लेक उनी दारशी, तिले कसाले रोका...

लेक दारी आली, तिला कशाला अडवता. हसीबने मशीन थांबवलं नाही. पूर्ण फेरी दिली.

जहाज थांबलं. दिपमालाने दांडा उचलला. आणि तिथेच त्या तापलेल्या पत्र्यावर गुडघे टेकले. घोकलेलं सगळं एका शब्दावर आलं होतं.

"चुकले गं."

चपला घातल्याचा आवाज. एक. दोन. मग फट्... फट्... वाटेवरून लांब जाणारा. तिने डोळे मिटले. आता सुटली, असं तिला वाटलं. पोरीला पाहिजे ते मिळालं. आता जाईल.

चार पावलांवर आवाज थांबला. वळल्यासारखा.

"येते हां, अक्का."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. हसीबने काम सोडलं, भुसावळला गेला. दिपमाला अजून तिथेच उभी असते. कोणालाही उचलत नाही, कोणालाही हसत नाही. मॅनेजरच्या पाहुण्यालाही टाच टेकवायला लावते.

मी तिला कितीदा म्हटलं, भिकुबाईकडे जा, खरं सांग. ती दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. दोनदा परत आली. भिकुबाई तिला बाजारात भेटते, 'अंगणवाडीवाली बाई' म्हणून हाक मारते. ही ओ देते.

परवा दिपमालाचा फोन आला.

"डाग अजून पडतो रे," ती म्हणाली. "मी रोज पुसते."

"कुठे? हाताच्या खाली?"

"खाली कुठला... वर. दिवाळीत माझ्या खांद्याला होता. काल जोकराला पाठ लावून मी स्वतः उभी राहिले."

"आणि?" मी विचारलं.

"हनुवटीला लागला रे. ती वाढतेय." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "थोडीच बोटं राहिली. मग माझ्या डोळ्यांसमोर तिचे डोळे येतील. तेव्हा तिने विचारलं, माझ्या मायला सांगितलं का... तर मी बघू कुठे?"