सहा आठवड्यांची खिडकी

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बालवर्गात बसायचं की नोकरी सोडायची, हे ठरवायला कंपनीनं केतकी भोयरला एकवीस दिवसांची मुदत दिली होती.

बालवर्ग हा शब्द अर्थातच कंपनीचा नव्हता. पत्रात 'नवग्रहण उपचार' असं लिहिलेलं होतं. पण नागपुरात वर्धा रस्त्यावरच्या सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत त्याला नुसतं 'खिडकी' म्हणत. अमक्याची खिडकी उघडली, तमकी खिडकीला गेली आहे, अशी बोलणी कॅन्टीनमध्ये रोज कानावर पडायची. चाळिशी ओलांडलेले लोक ती ऐकत आणि मान खाली घालून जेवत.

केतकीनं बावीस वर्षं एकाच कामात घालवली होती. राज्यभर वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यावर नजर ठेवणारी प्रणाली तिनं आणि तिच्या गटानं उभी केली होती. उन्हाळ्यात कुठल्या उपकेंद्रावर ताण येणार, हे पडद्याकडे न बघता सांगणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. मग या कामातही नवी यंत्रं आली. त्यांना लिहिलेल्या सूचना समजत नसत. भराभर पडणारे बारीक ठोके, त्यांची लय, त्या लयीतले विराम यांतून त्यांच्याशी बोलावं लागे. या भाषेला स्पंदलिपी म्हणत. सहाव्या-सातव्या वर्षापासून शाळेत ती शिकलेली मुलं आता नोकरीला लागली होती. त्यांना ठोके ऐकताक्षणी अर्थ कळायचा. केतकीनं दोन वर्षं शिकवणी लावली, रोज सराव केला, पण तिला ठोके मोजावे लागत. मोजून होईपर्यंत यंत्र पुढे गेलेलं असे.

तिच्यासमोर तीन वाटा होत्या. खिडकी घ्यायची, जुन्या प्रणालीच्या देखभाल विभागात जायचं, जो दीड वर्षात बंद होणार होता, किंवा राजीनामा द्यायचा. नवरा निनाद धरमपेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. त्याचं म्हणणं होतं, की तिनं सरळ सोडून द्यावं, दोघं मिळून काहीतरी करू. काय करू, हे त्याला सांगता येत नव्हतं. केतकीला मात्र आपण काम न करणारं माणूस म्हणून कशा असू, याचं चित्रच डोळ्यांसमोर येत नव्हतं. सतरा वर्षांची मुग्धा म्हणाली, की आईला जे हवं ते आईनं करावं. आणि अभ्यासाच्या खोलीत निघून गेली.

मुदतीचे आठ दिवस उरले असताना केतकी दोन मजले खाली राहणाऱ्या डॉ. नसरीन काझींकडे गेली. डॉक्टर अडुसष्ट वर्षांच्या होत्या. खिडकीचं औषध ज्या संशोधनातून निघालं, त्या गटात त्यांनी अकरा वर्षं काढली होती, आणि मग एक दिवस काही न बोलता निवृत्ती घेतली होती.

केतकीनं त्यांना विचारलं, की हे औषध नेमकं करतं काय.

डॉक्टरांनी सावकाश समजावलं. लहान मूल बोलायला शिकतं तेव्हा त्याला व्याकरण कुणी शिकवत नाही. कानावर पडेल ते मेंदू टिपून घेतो, कारण त्या वयात मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी असलेले धागे मोकळे असतात. कुठलाही धागा कुठेही जोडता येतो. मग हळूहळू त्या पेशींभोवती प्रथिनांची एक बारीक जाळी विणली जाते, आणि जोडलेले धागे जागच्या जागी पक्के होतात. म्हणून मातृभाषा विसरत नाही, आणि म्हणूनच मोठेपणी नवी भाषा तशी येत नाही. औषध ती जाळी विरघळवतं. सहा आठवडे मेंदू मुलाचा होतो. मग जाळी आपोआप पुन्हा विणली जाते.

"आणि त्या सहा आठवड्यांत मी स्पंदलिपी शिकेन," केतकी म्हणाली.

"शिकशील. मुग्धा मराठी शिकली तशी शिकशील." डॉक्टर म्हणाल्या. "पण मूल त्या दिवसांत फक्त भाषा शिकतं का, केतकी?"

"आणखी काय शिकतं?"

"आपलं कोण आणि परकं कोण, हे शिकतं. कशाला भ्यायचं, हे शिकतं."

कंपनीच्या पत्रात एक वाक्य ठळक अक्षरांत होतं: गेल्या नऊ वर्षांत या उपचारातून गेलेल्या एकाही कर्मचाऱ्यानं राजीनामा दिलेला नाही. केतकीला ते समाधानाचं लक्षण वाटलं होतं. डॉक्टरांनी तिला विचारलं, की हजारो माणसांतल्या एकालाही नऊ वर्षांत नोकरी सोडावीशी वाटली नाही, असं कधी कुठे ऐकलं आहेस का. त्यांनी तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, मोजण्यात चूक असेल. चूक नव्हती. त्या सहा आठवड्यांत माणसाजवळ जे असतं, तेच त्याचं घर बनतं.

औषध फक्त ऐकण्याच्या भागापुरतं ठेवता येणार नाही का, असं केतकीनं विचारलं. सुरुवातीला त्यांनाही तसंच वाटलं होतं, डॉक्टर म्हणाल्या. पण मेंदूत भिंती नसतात, ते सगळीकडे झिरपतं.

केतकी घरी आली आणि दोन दिवस विचार करत राहिली. तिची सवय अशी, की एखादी तार तुटू शकते असं कळलं, तर तार काढून टाकायची नाही, शेजारून दुसरी टाकायची. तिनं कंपनीला कळवलं, की मी खिडकीला तयार आहे, पण दर रविवारी एक तास घरच्यांची भेट हवी आणि ते करारात लिहून हवं. मनुष्यबळ विभागानं आधी नाही म्हटलं. भेटींमुळे लक्ष विचलित होतं, असं त्यांचं कारण होतं. केतकी अडून बसली. वीजजाळ्याची माहिती असणारं दुसरं माणूस त्यांच्याकडे नव्हतं, त्यामुळे शेवटी त्यांनी मान्य केलं. निनादला तिनं सगळं समजावून सांगितलं. दर रविवारी या, माझ्याजवळ बसा, बोला, काहीही बोला. मी तुम्हाला पुन्हा शिकेन. निनाद म्हणाला, एकही रविवार चुकणार नाही.

उपचाराचं केंद्र शहराबाहेर, बुटीबोरीच्या पुढे होतं. पहिले तीन दिवस केतकीला ताप होता. चौथ्या दिवशी ती उठली तेव्हा खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचा हिरवा रंग बघून तिला रडू आलं. साबणाचा वास, चादरीचा खरखरीत स्पर्श, भिंतीवरचं ऊन, सगळं पहिल्यांदाच घडत असल्यासारखं वाटत होतं. तिला एक शिक्षिका दिली होती, ईश्वरी नावाची, सव्वीस वर्षांची. ईश्वरी सकाळी तिला उठवायची, शेजारी बसून स्पंदलिपीचे ठोके ऐकवायची, जमलं की हातावर हात ठेवायची, केतकी दमली की तिला पांघरूण घालायची. दहाव्या दिवशी केतकी ठोके मोजायची थांबली. ते बोलत होते आणि तिला कळत होतं.

पहिल्या रविवारी निनाद आणि मुग्धा आले. केतकी निनादच्या मांडीवर डोकं ठेवून तासभर पडून राहिली आणि मुग्धाच्या वेणीशी खेळत बसली. मुग्धाला हसू येत होतं आणि थोडं अवघडल्यासारखंही होत होतं. दुसरा रविवारही तसाच गेला. तिसऱ्या रविवारी केतकी बोलता बोलता सारखी दाराकडे बघत होती. मुग्धानं विचारलं, कुणाची वाट बघतेस. केतकी म्हणाली, ईश्वरीची.

चौथ्या रविवारी ते दोघं पोचले, तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकानं सांगितलं, की हा चाचणीचा आठवडा असल्यानं आज भेट पंधरा मिनिटांचीच होईल. निनादनं करार दाखवला. व्यवस्थापकानं तो न वाचताच परत केला. निनाद शांत माणूस होता; पस्तीस पोरांच्या वर्गातही त्याचा आवाज चढत नसे. पण गेला आठवडाभर त्याला धड झोप नव्हती. केतकीला ईश्वरीनं हाताला धरून आत आणलं, आणि ती निनादकडे न येता ईश्वरीच्या मागेच उभी राहिली, तेव्हा त्याचा तोल गेला. त्यानं टेबलावर जोरात हात आपटला.

"काय करून राहिले तुम्ही लोक हिच्यासोबत? बायको आहे ती माझी."

त्याचा आवाज त्या लहानशा खोलीत घुमला. व्यवस्थापकही आवाज चढवून बोलला, निनादनं खुर्ची ढकलली, ती भिंतीवर आदळली. केतकी किंचाळली. ती मागे सरकत कोपऱ्यात गेली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली. ईश्वरीनं तिला जवळ घेतलं, तिच्या कानांवर हात ठेवले आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत राहिली. निनाद जागच्या जागी थिजला. केतकी ईश्वरीच्या खांद्याआडून त्याच्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं त्याच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

सगळं मिळून दीड मिनिटांचं होतं. दोन आठवड्यांनी औषध थांबलं, आणि केतकीच्या मेंदूत जाळी पुन्हा विणली गेली. स्पंदलिपी आत राहिली. ईश्वरीचा आवाज आत राहिला. ते दीड मिनिटही आत राहिलं.

कामावर परतल्यावर केतकीनं तीन महिन्यांत नव्या यंत्रांवर अख्खं वीजजाळं चढवलं. बावीस वर्षांचा अनुभव आणि लहान मुलाचे कान एकत्र आलेले वीजजाळ्याच्या कामात लोकांनी पहिल्यांदाच पाहिले. तिला बढती मिळाली. ईश्वरीची बदली तिच्याच मजल्यावर झाली होती. दिवसातून एकदा तिचा आवाज ऐकला, की केतकीला उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटे. मधे पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं, इथल्यापेक्षा वरच्या जागेवर. तिनं नकार कळवून टाकला, आणि कळवल्यावर तिच्या लक्षात आलं, की ते पत्र आपण पूर्ण वाचलंच नव्हतं.

घरी निनादनं दुसऱ्या खोलीतून हाक मारली, की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. तो जवळ आला, की ती नकळत भिंतीकडे सरकायची. तिला कारण माहीत होतं. तिनं ते त्यालाही सांगितलं, आकृती काढून, एखाद्या प्रणालीतला बिघाड समजवावा तसं. यात तुझी चूक नाही, असंही ती म्हणाली. समजून काही बदललं नाही. निनाद हळू बोलायला लागला. मग आणखी हळू. मुग्धानं टीव्ही लावणं सोडलं. कुकरची शिटी होऊ नये म्हणून निनाद साध्या पातेल्यात भात करू लागला. आजारी माणूस असलेल्या घरासारखं ते घर झालं, आणि आजारी तर कुणीच नव्हतं.

वर्षभरानं निनादच्याच आग्रहावरून ती दोघं डॉ. काझींकडे गेली. केतकीनं त्याला बाहेरच्या खोलीत थांबायला सांगितलं आणि ती एकटी आत गेली. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, की एक उपाय आहे. खिडकी दुसऱ्यांदा उघडता येते. औषध मिळवण्याची व्यवस्था त्या करू शकतात. सहा आठवडे केतकीनं घरीच राहायचं, निनाद आणि मुग्धाच्या सोबतीनं. पहिल्या खेपेला जे जोडलं गेलं ते अजून कोवळं आहे, ते सुटेल, आणि त्यांच्याशी पुन्हा जोडलं जाईल.

"स्पंदलिपी?"

"तीही जाईल. हे वर्ष तुला आठवेल, पण दुसऱ्या कुणाचं असावं तसं."

"आणि ईश्वरी?"

"ऑफिसातली एक मुलगी. तेवढीच उरेल."

पूर्वी असा प्रसंग आला, की केतकी कागद घेऊन दोन रकाने आखायची, आठवडाभर त्यांत भर घालायची, निनादशी वाद घालायची. आता तिला कागदाची गरज वाटली नाही.

"डॉक्टर, पहिली केतकी इथे बसली असती, तर तिनं लगेच हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "तिच्यासाठीच तुम्ही आणि निनाद हे करताय, मला कळतं. तिला काय काय हवं होतं, ते मला सगळं पाठ आहे."

"मग?"

"ती परत आली, तर मी कुठे जाईन?"

वर्षभरापूर्वी समोर बसलेल्या बाईला जे सांगायला हवं होतं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. या बाईला सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. हिला काही दुखत नव्हतं. हिला जगायचं होतं, इतकंच.

केतकी उठली. निनादला यातलं काही सांगू नका, अशी तिनं विनंती केली, आणि डॉक्टरांनी मान हलवली.

निनाद बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. ती येताना दिसताच तो उभा राहिला, पण जवळ आला नाही. त्यानं अगदी कुजबुजत्या आवाजात विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या.

"यावर काही उपाय नाही म्हणाल्या."

निनादनं मान डोलावली. तिच्या बोलण्यावर त्यानं आजवर कधी शंका घेतली नव्हती. "असू दे," तो तितक्याच हळू म्हणाला, "आपण असंच राहू." त्यानं दार उघडून धरलं आणि तिच्यापासून चार पावलं मागे राहून जिना चढू लागला. केतकीनं हातातली पर्स घट्ट आवळून धरली होती, आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकत, मागे न बघता, ती भरभर वर चालली होती.