पावसाळ्यापुरतं डायरेक्ट

ही माझ्या सख्ख्या बहिणीची गोष्ट आहे. खोटी असती तर मला बरंच वाटलं असतं.

अशा पेजवर मी कधी काही लिहीत नाही. पांढरी साडी, उलटे पाय, अमावास्या... वाचून मला हसू येतं. इथे त्यातलं काहीच नाही. रात्रसुद्धा नाही. अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावरचा एक फ्लॅट, श्रावणातली दुपार, आणि भिंतीवरचं एक बटण.

मी गंधार. राहायला बदलापूरला, कामाला आनंदनगर एमआयडीसीत. उमाताई माझ्याहून मोठी. तिचे मिस्टर, चिंतामणी भाऊजी, केमिकल कंपनीत कॉम्प्रेसर सांभाळायचे. त्या आवाजात त्यांचे कान गेले; समोरच्याचे ओठ पाहून कळायचं तेवढंच. मूलबाळ नव्हतं. ताईने घरातच लाँड्री काढली होती. कंपन्यांतल्या कामगारांचे तेलकट बॉयलर सूट धुऊन, वाळवून द्यायची.

ताईला दम म्हणून नव्हता. पाहुण्याचा चहा संपायच्या आत ती कप विसळायला न्यायची. "अगं, निदान तळाचा घोट तरी पिऊ दे," असं आम्ही तिला चिडवायचो.

पावसाळ्यात बॉयलर सूट वाळत नाहीत. म्हणून तिने उल्हासनगर कॅम्प पाचमधून एक जुना, मोठा ड्रायर आणला. तो चालू केला की घरातले पंखे मंद व्हायचे. मग सुजित वायरमनने मीटरपासून मागच्या बाल्कनीपर्यंत त्याच्यासाठी वेगळी जाड वायर ओढली. आणि मीटरपाशी, सगळ्या घरासाठी मिळून एक बटण बसवलं. ईएलसीबी.

ते काय करतं, एवढं नीट समजून घ्या. करंट गळून कोणाच्या अंगातून जमिनीत जायला लागला, की ते बटण आपोआप खाली पडतं. लाईट जाते. माणूस वाचतो.

पण भिंतीला ओल आली, ड्रायर जुना, आणि ते बटण सारखं पडायला लागलं. सूट अर्धे ओले आणि टेम्पो दारात.

आमच्या भागात यावर एक उपाय सर्रास करतात. पावसाळ्यापुरतं डायरेक्ट. म्हणजे ते बटण काढायचं, वायर सरळ जोडायची, आणि दसऱ्याला बटण परत लावायचं. ओलीच्या दिवसांतच त्याची खरी गरज असते, आणि त्याच दिवसांत आम्ही ते काढतो. इतकी अक्कल आमची.

"वहिनी, रिस्क आहे हां," सुजित म्हणाला होता.

"अरे, सगळेच करतात. तू काढ ते. माझी डिलिव्हरी अडते."

भाऊजी समोरच बसले होते. त्यांनी ऐकलं नाही, की ऐकून गप्प बसले, ते त्यांनाच माहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात ताई गेली.

एक हात ड्रायरवर, दुसरा बाल्कनीतल्या नळावर. भाऊजी घरी नव्हते; शेजारच्या मायावहिनी कधीच्या दार वाजवत होत्या. आतून उत्तर नाही. नुसती ड्रायरची घरघर. मग एरियातलीच लाईट गेली...

तेव्हा आत काहीतरी धपकन पडलं.

म्हणजे लाईट जाईपर्यंत ती चिकटून होती. किती वेळ, कोणालाच माहीत नाही. कोणीतरी नुसता मेन स्विच पाडायला हवा होता.

तेराव्यानंतर सुजित स्वतःच आला. रडत रडत त्याने नवीन बटण बसवलं. भाऊजी त्याला एका शब्दाने बोलले नाहीत. मी तिथेच होतो.

त्याने मेन वर केला. पंखा फिरला...

खट्.

बटण पडलं.

त्याने ड्रायरची पिन काढली. परत वर केलं.

खट्.

फ्रिज, टीव्ही, मोबाईलचा चार्जर, सगळं काढलं. शेवटी बाल्कनीकडे जाणारी जाड वायर मीटरपाशी छाटून टाकली, घरातली बाकीची लाईनही सोडवली. आता बटणाच्या पुढे काहीच जोडलेलं नव्हतं.

वर केलं...

खट्.

"बटण खराब असेल," मी म्हणालो.

त्याने दुसरं लावलं. तेही पडलं. तेच बटण मायावहिनींच्या घरी लावून पाहिलं. तिथे नीट राहिलं.

सुजित दारातच खाली बसला. "दादा, हे पडतंय म्हणजे कोणाच्या तरी अंगातून जातंय," तो म्हणाला. "पण कोणाच्या?"

घरात ते शेवटचं पडलं तेव्हा मी बटणाकडे पाहत नव्हतो, बाल्कनीकडे कान लावून होतो. आणि बटण पडायच्या आधी, अगदी क्षणभर...

मला आवाज आला.

दातखीळ बसलेलं माणूस बोलायला बघतं ना, तसा. तोंड उघडत नाही, नुसता घसा. माझ्या बहिणीचा घसा मी ओळखणार नाही?

भाऊजींना तो ऐकू येणं शक्य नव्हतं. पण त्यांनी माझं तोंड पाहिलं.

"तीच आहे ना?"

मी मान हलवली. त्यांनी उठून मेन पाडला. तो त्यांनी पुन्हा कधीच वर केला नाही.

ड्रायर आम्ही भंगारात दिला. नळ काढला. घराची शांती केली, त्र्यंबकेश्वरलाही जाऊन आलो. भाऊजी बिनविजेच्या घरात राहायला लागले. मे महिन्यात अंबरनाथच्या तळमजल्यावर पंख्याशिवाय राहून बघा, म्हणजे कळेल. अंगावर घामोळं, डोळे खोल गेलेले.

"फ्लॅट विका," मी म्हणालो. "माझ्याकडे बदलापूरला चला."

"गंधार, नवीन माणूस आल्या आल्या पहिलं काय करेल?"

त्यांनीच भिंतीवरच्या मेनकडे बोट दाखवलं.

"मेन वर करेल. पडला की परत वर करेल. दिवसभर करत राहील. आणि ती..."

त्यांनी हात बाल्कनीकडे केला.

मग त्यांनीच अर्ज करून वीज कायमची तोडून घेतली. मीटर गेला. खांबावरून येणारी केबल गेली. त्या रविवारी त्यांनी मला बोलावलं.

"टेस्टर आण. एकदा खात्री कर. कुठे थोडासासुद्धा करंट राहायला नको."

दुपारची वेळ. बाहेर पाऊस. मी एकेक बोर्ड तपासत गेलो. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम. टेस्टरचा दिवा मेलेला. पेटणार कुठून? घरात वीजच नव्हती.

"बाल्कनीत बघ," भाऊजी मागून म्हणाले.

बाल्कनीत बोर्डही उरला नव्हता. नुसती गिलावा केलेली भिंत, आणि जिथे ड्रायर होता तिथे मोकळी जागा. त्यांच्या समाधानासाठी मी त्या मोकळ्या जागेत, कमरेएवढ्या उंचीवर, टेस्टर धरला. टोपीवर अंगठा ठेवला...

टेस्टर पेटला.

हवेत. कशालाही न लागता. लुकलुकला नाही की फडफडला नाही, सरळ लाल पेटून राहिला. आणि तो आवाज आला. आता तो क्षणभराचा नव्हता. थांबतच नव्हता, कारण त्याला थांबवायला तिथे बटणच नव्हतं.

तेव्हा मला कळलं. वीज असो नसो, ताईचं काहीच थांबलं नव्हतं. बटण पडायचं, म्हणून आम्हाला कळायचं, एवढंच. मेन पाडल्यापासून भाऊजी अंधारात बसले होते, आणि ती इथे, त्यांच्यापासून दहा पावलांवर, चिकटूनच होती.

"आहे का रे काही?"

माझी पाठ त्यांच्याकडे होती. टेस्टर त्यांना दिसत नव्हता. आवाज त्यांना येत नव्हता.

मी अंगठा काढला आणि वळून, मान हलवत म्हणालो, "नाही भाऊजी. काही नाही."

ते तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ताई गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

"सुटली रे," ते म्हणाले. "सुटली बिचारी."

आता ते रोज दुपारी त्याच बाल्कनीत चटई टाकून झोपतात. तिथे गार वाटतं म्हणतात. मी रविवारी जातो, दारातच उभा राहतो. ते शांत घोरत असतात, आणि त्यांच्या उशाशी तो आवाज चालू असतो.